ताण उतरवणारा योग : मॅट घ्यावी की घोंगडं?

ताण घालवायला योग सुरू करायचा म्हटलं की पहिली खरेदी मॅटची होते. ती चुकीची म्हणता येणार नाही, पण अर्धवट आहे. ताणासाठी जो योग करायचा त्यातला निम्म्याहून जास्त वेळ अंग टेकून, न हलता जातो. शवासन, मकरासन, भिंतीला पाय लावून विपरीत करणी, मग बसून भ्रामरी (भुंग्यासारखा आवाज करत सोडलेला श्वास) आणि अनुलोम-विलोम (एकाआड एक नाकपुडीने श्वास). तिथे पाय घसरण्याचा प्रश्नच कमी. फरशीचा गारवा पाठीला लागतो का, टाचेखाली नि डोक्यामागे टोचतं का, हे बघायचं. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या भागात सहज मिळणाऱ्या सामानाला इथे एकच कसोटी लावली आहे : त्यावर १० मिनिटं हालचाल न करता पडून राहता येतं का?

आधी मॅट. बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती ४ ते ६ मिलिमीटर जाडीची पीव्हीसी मॅट, साधारण २४ इंच रुंद आणि ६८ ते ७२ इंच लांब. उंची साडेपाच फुटांच्या पुढे असेल तर ७२ इंचीच घ्या, नाहीतर शवासनात टाचा फरशीवर येतात आणि सगळं लक्ष त्या गारव्याकडे जातं. नवी पीव्हीसी मॅट पहिल्या आठवड्यात घसरते, कारण तिच्यावर कारखान्यातला बुळबुळीत थर असतो. सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून दोन-तीनदा पुसली की पकड येते. टीपीईची (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची) मॅट हलकी आणि मऊ, पण नखं लागून नि कडेने लवकर फाटते. नैसर्गिक रबराची पकड उत्तम, पण ती जड, वासाची, आणि उन्हात ठेवली तर तडकते. लेटेक्सची अॅलर्जी असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. १० ते १२ मिलिमीटरची फुगीर फोमची मॅट मऊ लागते म्हणून लोक उचलतात. ती घेऊ नका. एका पायावर उभं राहायच्या वृक्षासनात पाऊल आत रुततं, घोटा सतत डगमगतो, हातावर भार घेतला की मनगट जास्त मागे वाकतं आणि दुखतं. शवासनातही ती फसवते : पहिली दोन मिनिटं बरं वाटतं, मग माकडहाडाखालचा फोम दबून खालची फरशी जाणवायला लागते.

आपल्याकडचा पाऊस मॅटची खरी परीक्षा घेतो. खानापूर, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. बेळगाव शहरातही खालच्या मजल्यावरची शहाबादी फरशी घाम आल्यासारखी ओलसर राहते. मॅट पुसून लगेच गुंडाळली की आतल्या बाजूला काळे ठिपके धरतात. ती बुरशी असते, आणि तिच्यावर पालथं पडून मकरासन केलं की नाकाशीच येते. रबराची मॅट पाणी पिते, तिला पावसाळ्यात वाळायला दोन दिवसही कमी पडतात. पीव्हीसी पाणी पीत नाही, म्हणून या चार महिन्यांपुरती तीच बरी. काम झालं की दांडीवर टाकायची, गुंडाळायची नाही. अथणी, रायबागकडे त्रास उलटा : ऊन, धूळ आणि घाम. घामाने पीव्हीसी निसरडी होते. तिथे मॅटवर सुती जमखाना (सतरंजी) टाकून केलेलं चांगलं.

आता घोंगडं. पडून राहण्याच्या कसोटीवर त्याच्या जवळ जाणारी दुसरी वस्तू या बाजारात नाही. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते, तिच्या धाग्यांत हवा अडकते, म्हणून फरशीचा गारवा वर येत नाही. थोडी ओल लागली तरी ऊब टिकते. शिवाय घोंगडं दबतं ते थोडंच. पाठीचा प्रत्येक भाग टेकतो, पण रुतत नाही. समुद्रसपाटीपासून ७५० मीटरच्या आसपास असलेल्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

विकत घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. शहापूर-वडगावकडचे माग साड्यांचे, तिथे घोंगडं शोधत फिरू नका. गोकाक, अथणी, रायबाग पट्ट्यातल्या आठवडी बाजारांत किंवा शहरातल्या जुन्या कांबळ्यांच्या दुकानात विचारा. दुकानदार ‘कंबळी’ म्हणेल, ती हीच. हल्ली अॅक्रिलिकच्या धाग्याची काळी चादर घोंगडं म्हणून गळ्यात मारतात. दशीचे चार-पाच धागे मागून घ्या आणि काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत आपोआप मंदावते आणि काळी राख चिमटीत चुरते. अॅक्रिलिक असेल तर धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. हातविणीचं खरं घोंगडं दीड-दोन हजारांच्या खाली सांगितलं तर ही परीक्षा कराच. माप निदान ४ फूट बाय ७ फूट हवं. विण उजेडाकडे धरून बघा, मध्ये विरळ पट्टे असतील तर तिथेच ते आधी झिजणार.

नवं घोंगडं ताठ असतं, कारण त्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. एक-दोन दिवस उन्हात टाकून काठीने झोडपलं की सुटे तंतू आणि वास निघतो. हा ताठपणा योगासाठी उपयोगाचाच आहे, घातलेली घडी दबत नाही की सरकत नाही. त्यामुळे लगेच धुवायची घाई नको. अंगाला टोचतं ही तक्रार खरी आहे. वर धुतलेलं जुनं धोतर किंवा पातळ सुती चादर अंथरली की टोचत नाही. लोकरीने शिंका येत असतील किंवा दमा असेल तर हट्ट धरू नका, जाड सुती जमखाना चौपदरी करा. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचे हातमागाचे जमखाने प्रसिद्ध आहेत, घट्ट विणीचे आणि टिकाऊ. पण त्यांचा खरा भाव रंग आणि नक्षीला असतो. योगासाठी साधा पट्ट्यांचा जमखाना पुरे. सुती असल्यामुळे तो पावसाळ्यात ओल धरतो, हा त्याचा दोष.

थर लावायचा क्रम असा : खाली पीव्हीसी मॅट, ओल अडवायला आणि सरकू नये म्हणून. तिच्यावर रुंदीत दुमडलेलं घोंगडं, वर सुती चादर. म्हणजे स्वस्तातली मॅट घरात आधीच असेल तर ती वाया जात नाही.

याच घोंगड्याची बैठकही होते. लांबीत दोनदा आणि रुंदीत दोनदा घडी घाला : १६ पदर, बसल्यावर सुमारे ३ इंच उंची. ज्या बाजूला दुमड गोल आणि भरीव असते ती पुढे घ्या, त्या कडेवर बसा आणि पाय फरशीवर सोडा. गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. ते वर राहिले तर कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतं, छातीचा पिंजरा दबतो आणि श्वास गळ्यातच अडकतो. प्राणायामाने छातीत धडधडतं, अस्वस्थ वाटतं असं सांगणारे काही जण चुकीच्या उंचीवर बसलेले असतात. १६ पदरांनी भागलं नाही तर खाली आणखी एक घडी घाला. त्यात कमीपणा काही नाही.

साधनांचा आधार घेऊन आसन करायची पद्धत जगभर नेली ती बी. के. एस. अय्यंगार यांनी. कर्नाटकातल्या बेल्लूरला १९१८ साली जन्मलेले अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले. लोड, पट्टा, विटा, खुर्ची ही मंडळी आज योगवर्गात दिसतात ती त्यांच्यामुळे. यातली लोड ही दुसरी महत्त्वाची खरेदी, आणि ती तयार घेण्यापेक्षा गादी भरणाऱ्याकडून करून घेणं केव्हाही चांगलं. लांबी २४ ते २६ इंच, व्यास ८ ते ९ इंच, आत अडीच-तीन किलो साधा कापूस ठासून. सावरीचा कापूस भरू नका सांगा, तो इतका मऊ की महिन्याभरात लोडाची उशी होते. फोमचे तुकडे तर नकोच. नेताना त्यावर बसून बघा : इंचभरापेक्षा जास्त दबला तर तिथेच परत भरून घ्या. अभ्रा जाड सुती, चेन लावलेला, म्हणजे धुता येतो.

पट्ट्यासाठी पलंगाची सुती नवार ८ फूट कापून आणली की झालं, बॅग शिवणाऱ्याकडून कडी लावून घ्या. ठोकळा एकच पुरे, सुताराकडून ९ × ४.५ × ३ इंचाचा, कडा गोल घासलेल्या. डोळ्यांवर ठेवायची पिशवी घरी शिवता येते : मऊ सुती कापड, ९ × ४ इंच, आत २०० ग्रॅम जवस. तांदूळ भरला तर पोरकिडे होतात. जवस वर्षाने खवट होतं, तेव्हा बदला. काचबिंदू असणाऱ्यांनी डोळ्यांवर वजन ठेवू नये.

ऑनलाइन मिळणारे ‘योगा किट’ मात्र घेण्यासारखे वाटत नाहीत. मॅट पातळ, ठोकळे इतके हलके की हात टेकला की कलंडतात, आणि लोड त्यात नसतोच. पैसे नेमके नको तिथे जातात.

हे सामान लागतं कशाला, ते क्रमाने बघा. जेवणानंतर निदान तीन तास गेलेले असावेत. आधी विपरीत करणी : लोड भिंतीपासून ४-५ इंचांवर आडवा ठेवा, त्यावर कंबर, पाय भिंतीला, डोक्याखाली चादरीची एक घडी. पहिल्या आठवड्यात ३ ते ५ मिनिटं, नंतर ८ पर्यंत. मांडीमागे ओढ बसत असेल तर लोड भिंतीपासून आणखी लांब न्या, गुडघे थोडे वाकवा. हनुवटी वर जात असेल तर डोक्याखालची घडी वाढवा. रक्तदाब आटोक्यात नसणाऱ्यांनी, काचबिंदू किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असणाऱ्यांनी हे आसन सोडून द्यावं आणि पोटऱ्या खुर्चीवर टेकवून पडावं. गरोदरपणात शिक्षकाला विचारल्याशिवाय काहीच करू नये.

मग १० मिनिटं शवासन : लोड गुडघ्यांखाली, हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर, अंगावर पातळ गोधडी. स्वस्थ पडल्यावर अंग गार पडत जातं. गोधडी नसेल तर सातव्या-आठव्या मिनिटाला खांदे आपोआप आखडतात आणि आतापर्यंतची मेहनत जाते. उठताना उजव्या कुशीवर वळा, चार श्वास थांबा, हाताने रेटा देत बसा.

शेवटी घोंगड्याच्या घडीवर बसून श्वास : ४ मोजत आत, ६ ते ८ मोजत बाहेर, कुंभक (श्वास रोखणं) नाही. श्वास बाहेर जाताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून लांब उच्छ्वासावर भर. ५ मिनिटांनी भ्रामरीची ५ ते ७ आवर्तनं, ओठ मिटलेले, दात सुटे. कान बंद करताना कोपर अवघडतात, तेव्हा लोड पुढ्यात घेऊन त्यावर टेकवा.

पैसे एका वेळी निघत नसतील तर आधी घोंगडं, महिन्याभराने लोड, बाकी सावकाश. आणि पाऊस सरल्यावर, नवरात्राच्या आसपास, घोंगड्याला तीन दिवस कडक ऊन दाखवा, ब्रशने झाडा आणि घडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. लोकरीला कसर लागते ती बहुतेक अंधारात पडून राहिलेल्या घडीला. रोज उलगडलं जाणारं घोंगडं सहसा वाचतं.