वास्कोचा एक्सपोर्टवाला एजंट : सल्ला एक नंबर, पण फोन उचलत नाही (३/५)

सत्तरीत आमचा छोटा काजूचा कारखाना आहे, माल बहुतेक गोव्यातच टूरिस्टांच्या दुकानांत जातो. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनसोबत व्यापार करारावर सह्या झाल्या तेव्हा बाबा टीव्ही बघून मागेच लागले, की आता तरी बाहेर पाठवून बघ. म्हणून वास्कोतल्या एका क्लिअरिंग एजंटकडे (माल बाहेर पाठवायचे कस्टमचे कागद करून देणारा) गेलो. नाव मुद्दाम लिहीत नाही. पहिल्या भेटीचे पंधराशे घेतात, चहा पण नाही.

पण माणसाला विषय माहितीय हे मान्य करायला हवं. दहा मिनिटांत माझी हवा काढली. म्हणे, भाऊ, तुमचा साधा काजूगर कस्टमच्या ०८०१ कोडमध्ये बसतो, त्याच्यावर ब्रिटनमध्ये आधीपासूनच आयात ड्युटी शून्य आहे, शून्यातून काय कमी करणार? ताज्या आंब्याचंही तसंच. मग विचारलं, भाजून मसाला लावता का? लावतो की, खारे आणि काळी मिरीवाले. तो माल २००८ या कोडमध्ये जातो, तिथे ड्युटी लागते, म्हणजे करार लागू झाल्यावर काही हाती लागायचं असेल तर ते यातच. हे टीव्हीवर कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. काजूची बी आपल्या भाटातली (बागायतीतली) का आफ्रिकेची? आता गोव्यात बी कमी पडली की कारखानेवाले बेनिन, टांझानियाची बी घेतात, आम्ही पण घेतो, लपवायचं काय त्यात. पण सवलत मिळते ती माल इथला आहे असं ओरिजिन सर्टिफिकेट असेल तरच, आणि बाहेरच्या बीसाठी नियम वेगळा. म्हणून लॉट वेगळे ठेवा, खरेदीच्या पावत्या जपा असं बजावून सांगितलं. पंधराशे तिथेच वसूल झाले.

आंब्याचा विषय निघाला तेव्हा २०१४ चं आठवण करून दिलं, तेव्हा युरोपने फळमाशीपायी आपला हापूस बंदच केला होता, ड्युटीचा संबंधच नव्हता त्यात. त्यामुळे आपला गोव्याचा मानकुराद आंबा पाठवायचं खूळ सध्या बाजूला ठेवलंय (तसाही तो गोव्याबाहेर जाऊ द्यायला जीव होत नाही).

आता तक्रार. ट्रायल म्हणून मसाला काजू आधी दुबईला पाठवला, यूएईशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून चालू आहे. ओरिजिन सर्टिफिकेटचं काम याच एजंटकडे दिलं आणि त्याच्या पोराने ५०० किलोच्या जागी ५० किलो टाईप केलं!! इनव्हॉइसशी मेळ बसेना, तिकडच्या गिऱ्हाईकाने पेमेंट अडवलं, रात्री अकराला त्याचा फोन, आणि हे साहेब दोन दिवस फोन उचलत नाहीत. शेवटी मी सत्तरीहून गाडी काढून ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा दुरुस्ती झाली. वर दुरुस्तीची फी मागितली. भांडलो, अर्धी दिली.

सल्ल्यासाठी जरूर जा. जायचं तर दहाच्या आत, नंतर समोर गाडी लावायला जागा मिळत नाही. कागद त्याच्याकडून करून घेणार असाल तर ड्राफ्ट आधी व्हॉट्सॲपवर मागवून किलोपासून पत्त्यापर्यंत स्वतः वाचा.