नॉर्मलेक्स, यूएन ट्रीटी कलेक्शन, सिम्बाद, एडीएस: चार मोफत साधनांची पारख

कामगार-पर्यावरण कायदा आणि कोवळे जोडतारे (एकमेकांभोवती फिरणारे तरुण तारे) यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हीकडे संशोधकाची डोकेदुखी एकच आहे: एकाच गोष्टीची नोंद चार ठिकाणी, चार नावांनी झालेली असते. ती नोंद साधन जुळवून देतं की ते काम वाचणाऱ्यावर सोडतं, याच कसोटीवर ही चार साधनं लावून पाहिली. चारही मोफत आहेत. कायद्याच्या बाजूला नमुना घेतला गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणीचा (मुंबईच्या दारुखान्यालाही तोच लागू पडतो) आणि ताऱ्यांच्या बाजूला वृषभ राशीतल्या टी टॉरी या ताऱ्याचा.

नॉर्मलेक्स हा जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, म्हणजे आयएलओचा साठा. कोणत्या देशाने कोणता करार कधी मंजूर केला, तज्ज्ञ समिती त्यावर काय म्हणाली, सगळं इथे मिळतं. लॉगिन लागत नाही. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश या तीन भाषा आहेत. ‘कंट्री प्रोफाइल’मधून भारत उघडला की मंजूर करारांची यादी समोर येते. आकडा मोजून मोकळं होण्याचा मोह इथेच होतो आणि इथेच गफलत होते. त्या यादीत पुढे सोडून दिलेले आणि आयएलओच्या परिषदेने रद्द केलेले करारही बसलेले असतात. स्त्रियांच्या रात्रपाळीबद्दलचा 1919 चा चौथ्या क्रमांकाचा करार भारताने मंजूर केला होता. 2017 मध्ये तो परिषदेनेच रद्द केला. त्यामुळे आधी ‘स्टेटस’चा रकाना, मग मोजणी.

‘मंजूर’ दिसलं म्हणजे पूर्ण करार लागू, असंही नाही. 1919 चा करार क्रमांक 1 उद्योगातल्या कामाचे तास आठवड्याला 48 वर बांधतो. भारताची मंजुरी 14 जुलै 1921 ची आहे. पण मजकुरातलं कलम 10 उघडा: ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कारखाने कायद्याखालच्या उद्योगांना, खाणींना आणि रेल्वेच्या काही शाखांना आठवड्याला 60 तास. गिरणगावाचा इतिहास लिहिणाऱ्याने फक्त मंजुरीचा तक्ता पाहिला, तर त्याच्या पहिल्याच परिच्छेदात चूक घुसेल. नॉर्मलेक्स तक्त्यातून या कलमाकडे बोट दाखवत नाही. किमान वयाच्या करारात, म्हणजे 138 मध्ये, मात्र ते बरं वागतं. भारताच्या 13 जून 2017 च्या मंजुरीशेजारीच ‘ठरवलेलं किमान वय 14’ अशी टीप आहे. अशी टीप सगळीकडे असती तर निम्मी भांडणं मिटली असती.

तज्ज्ञ समितीचे अभिप्राय हा या साठ्याचा खरा ऐवज. ते दोन प्रकारचे. ‘ऑब्झर्वेशन’ म्हणजे गंभीर निरीक्षण, ते वार्षिक अहवालातही छापतात. ‘डायरेक्ट रिक्वेस्ट’ म्हणजे सरकारला थेट केलेली विचारणा, ती अहवालात नसते, इथेच वाचावी लागते. तपशिलातली कुरकुर बहुधा या दुसऱ्या प्रकारात सापडते, म्हणून केवळ अहवालाची पीडीएफ चाळणाऱ्याच्या हाती अर्धंच लागतं. प्रत्येक अभिप्रायावर दोन वर्षं लिहिलेली असतात: स्वीकारल्याचं 2021, तर प्रसिद्ध झाल्याचं 2022, 110वी परिषद. संदर्भ देताना दोन्ही द्या. एकच दिलंत तर वाचणारा शेजारच्या वर्षाचा अभिप्राय उघडून बसतो आणि तुम्हालाच खोटं पाडतो.

आता जहाजतोडणी. नॉर्मलेक्समधले करार आणि शिफारशी एवढंच चाळलं तर या धंद्यावरचा आयएलओचा मुख्य दस्तऐवज हातातून निसटतो. आशियाई देश आणि तुर्कस्तानसाठीची सुरक्षा-मार्गदर्शक तत्त्वं 2003 मध्ये ठरली, पण ती करारही नाहीत आणि शिफारसही नाहीत. ती आयएलओच्या प्रकाशनांत शोधायची. ॲस्बेस्टॉसचा करार (क्रमांक 162, 1986) मात्र यादीत नीट सापडतो.

यूएन ट्रीटी कलेक्शनमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या करारसाठ्यात, पर्यावरणाचं प्रकरण 27वं, आणि घातक कचऱ्याच्या ने-आणीवरचा बाझेल करार त्यातला तिसरा. श्रीमंत देशांतून इतरांकडे घातक कचरा पाठवायला बंदी घालणारी त्याची दुरुस्ती 5 डिसेंबर 2019 पासून अमलात आली. तिचं पान ‘3-ए’ असं वेगळं आहे. मूळ बाझेलच्या पानावर भारताचं नाव (1992) बघून लोक थांबतात आणि भारताला दुरुस्तीही लागू आहे असं समजून चालतात. दुरुस्तीला प्रत्येक देशाची वेगळी संमती लागते, ती त्या दुसऱ्या पानावरच तपासायची. रकान्यातली अक्षरं हा आणखी एक सापळा. छोटं ‘ए’ म्हणजे ॲक्सेशन, मोठं ‘ए’ म्हणजे ॲक्सेप्टन्स. कॉपी-पेस्ट करताना सगळं मोठ्या अक्षरांत गेलं की हा फरक कायमचा पुसला जातो.

जहाजतोडणीचा हाँगकाँग करार या साठ्यात शोधत बसू नका. इथे संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांकडे जमा होणाऱ्या करारांची स्थिती असते. हाँगकाँग करार लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे जमा होतो आणि त्याची स्थिती त्यांच्याच ‘स्टेटस ऑफ कन्व्हेन्शन्स’ या जाडजूड पीडीएफमध्ये असते. करार 2009 चा, भारत सामील झाला 28 नोव्हेंबर 2019 ला, अंमल सुरू झाला 26 जून 2025 ला. अमलासाठी तीन अटी होत्या: 15 देश, जगाच्या व्यापारी जहाजांच्या टनेजपैकी 40 टक्के, आणि त्या देशांतली मागच्या दहा वर्षांतली कमाल वार्षिक जहाजतोडणी त्यांच्या टनेजच्या किमान 3 टक्के. जून 2023 मध्ये बांगलादेश आणि लायबेरिया आल्यावर त्या पुऱ्या झाल्या आणि पुढे 24 महिने मोजले गेले. म्हणजे अलंगच्या एकाच जहाजासाठी जिनिव्हा, न्यूयॉर्क आणि लंडन अशा तीन नोंदवह्या उघडाव्या लागतात, आणि एकीतून दुसरीकडे नेणारी वाट नाही. इकोलेक्स हा पर्यावरण कायद्याचा एकत्रित साठा सुरुवातीच्या चाचपणीला बरा आहे. मंजुरीची तारीख मात्र त्यावरून उचलू नका, जिथे करार जमा होतो तिथूनच घ्या.

ताऱ्यांकडे वळलं की सोय म्हणजे काय ते कळतं. सिम्बाद हा स्ट्रासबूरचा खगोलीय वस्तूंच्या नोंदींचा साठा. त्यात ‘टी टॉ’ हे लघुरूप लिहा किंवा ‘एचडी 284419’ हा कॅटलॉगमधला क्रमांक लिहा, एकच पान उघडतं. सगळी पर्यायी नावं खाली यादीत, आणि प्रत्येक मापनाशेजारी ते ज्या लेखातून घेतलं त्याचा दुवा. कायद्याच्या एकाही साठ्यात हे एवढं सुबक नाही.

तरी जोडताऱ्यांसाठी सिम्बाद वापरताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, लेख कोणत्या घटकावर टांगला आहे. टी टॉरीची नोंद जॉन रसेल हिंड यांनी 1852 मध्ये केली. दक्षिणेचा जोडीदार दृश्य प्रकाशात दिसत नाही, तो 1982 मध्ये अवरक्त निरीक्षणात सापडला, आणि पुढे तोही जोडीच निघाला. उत्तर आणि दक्षिण घटकांत अंतर जेमतेम 0.7 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). जुने बरेच लेख मुख्य नावाखाली आहेत, नवे काही घटकांच्या नावाखाली. एकच नाव शोधलं तर यादी अपुरी येते. पानावरच्या ‘हायरार्की’ भागातून मूळ वस्तू आणि घटक दोन्हींवर जा. जागेवरून शोधत असाल तर ठरलेली त्रिज्या 2 कला, म्हणजे 120 विकला असते. तेवढ्यात हिंडचा तेजोमेघ, एनजीसी 1555, आणि त्या भागातले इतर स्रोतही ओढले जातात. ती 5 ते 10 विकलांवर आणा.

दुसरी गोष्ट पराशयाची, म्हणजे ताऱ्याचं अंतर काढायच्या कोनाची. ताऱ्यांचे पराशय मोजलेल्या गाया यानाचं मोजमाप सहसा एकट्या ताऱ्याचं गणित धरून केलेलं असतं. जोडीत ते घसरतं. ‘रूवे’ हा मोजमाप गणिताशी किती जुळलं ते सांगणारा गायाचा निर्देशांक 1.4 च्या वर गेला की जोडीदाराचा संशय धरतात. तो सिम्बादच्या पानावर दिसत नाही, व्हिझिएर या कॅटलॉगांच्या साठ्यात गायाचा तक्ता उघडून बघावा लागतो. सिम्बाद स्वतःच सांगतं की आपला साठा कॅटलॉग म्हणून वापरू नये, कारण मापनं वेगवेगळ्या लेखांतून आलेली असतात. तरी लोक त्यातले पराशय एका रकान्यात ओढून सरासरी काढतात.

एडीएस, म्हणजे नासाचा लेखसाठा, ‘ऑब्जेक्ट’ शोधासाठी, म्हणजे वस्तूच्या नावावरून लेख शोधण्यासाठी, सिम्बादची नावं वापरतो. डीक्यू टॉरी या जोडताऱ्यासाठी हे फार उपयोगी. दर 15.8 दिवसांनी दोन तारे लंबवर्तुळाकार कक्षेत जवळ येतात आणि त्यांच्यावर वायूचा मारा वाढतो, म्हणून त्यावरच्या काही लेखांचा विषय ‘स्पंदित संचयन’ असतो आणि शीर्षकात ताऱ्याचं नाव नसतं. शब्दशोधात ते गळतात, ऑब्जेक्टशोधात सापडतात. उलट बाजू अशी की सिम्बादमध्ये लेख चढायला वेळ लागतो, ताजे लेख ऑब्जेक्टशोधात येत नाहीत. तेव्हा पूर्ण मजकुराचा शोधही लावा, आणि ‘डीक्यू टॉ’ व ‘डीक्यू टॉरी’ दोन्ही लिहून. मजकुराच्या शोधाला ही नावं एकाच ताऱ्याची आहेत हे माहीत नसतं.

संदर्भ जपण्यातही एडीएस पुढे. प्रत्येक लेखाला 19 अक्षरांचा बिबकोड, त्यात वर्ष, नियतकालिक, खंड, पान आणि लेखकाचं आद्याक्षर. दहा वर्षांनीही तोच चालतो. नॉर्मलेक्सच्या पत्त्यात कोलनने तोडलेले तुकडे असतात, त्यातला तिसरा तुमच्या त्या वेळच्या सेशनचा नंबर. पत्ता तसाच लेखात टाकला तर वाचणाऱ्याला पान मिळेलच याची हमी नाही. त्या जागी शून्य लिहा, नव्या खिडकीत उघडून बघा, आणि पानाची तारखेसह पीडीएफ करून ठेवा.