दुखऱ्या पावलात टूरिंग बूट : सात महिन्यांच्या वापरानंतर

मोटरसायकलच्या बुटांविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक निरोगी पायांच्या माणसांनी लिहिलेले असते, आणि त्यांचे प्रश्नही निरोगी पायांचेच असतात : पावसात पाणी आत शिरते का, उन्हात पाय उकडतात का, चालताना चामडे करकरते का. मी हा बूट घेतला तेव्हा माझ्या डाव्या पावलातील दुसरे आणि तिसरे मेटाटार्सल, म्हणजे बोटांच्या मागची चवड्यातली लांब हाडे, मोडून दहा आठवडे झाले होते. अपघात म्हणावा असा तो मोठा प्रसंगही नव्हता. खडीवर वळताना, जवळजवळ थांबलेली गाडी डावीकडे कलली आणि पाऊल तिच्याखाली सापडले. पायात त्या दिवशी साधे कापडी बूट होते, त्यामुळे दोष कोणाचा यावर वाद घालण्याची सोय उरली नाही.

बूट नडगीच्या मध्यापर्यंत येणारा, चामड्याचा, टूरिंग प्रकारचा आहे. आतल्या बाजूला घोट्यापासून वरपर्यंत चेन, चेनवर वेल्क्रोची रुंद पट्टी, घोट्याच्या दोन्ही बाजूंना कडक वाट्या, आत जलरोधक अस्तर आणि खाली चांगला जाड, ताठ तळवा अशी त्याची बांधणी आहे. याच धाटणीचे बूट अनेक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते बांधणीविषयी आहे, म्हणून कंपनीचे नाव देत नाही.

आधी लेबलविषयी, कारण दुखापतीनंतर मी पहिल्यांदाच ते नीट वाचले. ईएन १३६३४ हे मोटरसायकलच्या बुटांचे युरोपीय मानक आहे, आणि त्याच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार बुटाच्या आत मोटरसायकलस्वाराच्या चित्राखाली चार आकडे असतात, प्रत्येक १ किंवा २. पहिला आकडा बुटाची उंची, दुसरा घासले जाण्याला होणारा विरोध, तिसरा कापले जाण्याला होणारा विरोध आणि चौथा तळव्याची आडवी ताठरता सांगतो. चौथा आकडा म्हणजे पाऊल कुशीवर पडून गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये दाबले गेले, तर बूट किती चेपतो याचे मोजमाप; माझ्या पावलाची कहाणी नेमकी त्या आकड्यातली आहे. या बुटाला चारही ठिकाणी २ आहे. घोट्याच्या संरक्षणाची चाचणी मात्र ऐच्छिक असते आणि ती झालेली असेल तरच लेबलवर आयपीए ही अक्षरे येतात. बुटाला बाहेरून कडक वाट्या दिसतात म्हणून ती चाचणी झालेली असेलच असे समजू नये. माझ्या बुटावर ती अक्षरे आहेत, पण ती शोधायला मला लेबलची घडी उलगडून उजेडात धरावी लागली.

आता ज्याच्यासाठी हा बूट मी घेतला त्या गोष्टीकडे येतो, आणि गंमत अशी की तिचा उल्लेख त्या चार आकड्यांत कुठेच नाही. तळवा आडवा किती चेपतो हे लेबल सांगते. तो लांबीच्या दिशेने किती वाकतो हे सांगत नाही. मेटाटार्सल मोडलेल्या माणसाला मात्र दुसरीच गोष्ट पाऊलपावलाला जाणवते, कारण चालताना टाच उचलली की बोटांच्या मुळाशी तळवा वाकतो आणि शरीराचा सगळा भार क्षणभर त्याच हाडांच्या टोकांवर येतो. फूटरेस्टवर उभे राहून खड्डा ओलांडतानाही तसेच होते. फरक एवढाच की तेव्हा भार एका अरुंद दांड्यावर एकवटतो. दुकानात मी एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात बुटाचा पुढचा भाग धरून प्रत्येक जोड वाकवून पाहिला. काही बूट मधोमध वाकले. ते मी लगेच बाजूला ठेवले. हा बूट मध्यावर अजिबात वाकला नाही आणि बोटांपाशीही अगदी नाखुशीने वाकला. फूटरेस्टवर त्याचा फायदा पहिल्याच दिवशी कळला : दांड्याचा दाब एका जागी न टोचता संपूर्ण तळव्यावर पसरतो. कापडी बुटात जो दांडा मला हाडाखाली खिळ्यासारखा लागत असे, तो या बुटात आहे की नाही हेही कळत नाही.

पण हाच ताठपणा गाडीवरून उतरल्यावर आडवा येतो. आधी मी वापरत असलेला वैद्यकीय वॉकर बूटही ताठच होता, तरी त्याचा तळवा खालून झोपाळ्याच्या पायासारखा गोलाकार असतो, त्यामुळे पाऊल न वाकवता पुढे घरंगळत नेता येते. टूरिंग बुटाला तो गोलावा नसतो. तळवा वाकत नाही आणि घरंगळतही नाही, म्हणून टाच बुटाच्या आत वर सरकते आणि पंधरा मिनिटांच्या चालण्यात टाचेला घासल्याच्या खुणा उमटतात. निरोगी माणूस याला बूट अजून रुळला नाही असे म्हणेल आणि काही दिवसांत विसरेल. लंगडणाऱ्या माणसाची टाच रोज वेगळ्या कोनातून पडते, त्यामुळे रुळायलाही वेळ लागतो. माझा बूट तीन महिन्यांनी रुळला, आणि त्यातले किती श्रेय चामड्याला व किती माझ्या सुधारलेल्या चालीला द्यावे हे सांगणे अवघड आहे.

बुटाचा सर्वांत मोठा दोष वरच्या बाजूला आहे. गिअरची दांडी बोटांनी वर उचलताना चामडे झिजू नये म्हणून डाव्या बुटावर जादा चामड्याची पट्टी शिवलेली असते. या बुटात त्या पट्टीची मागची शिवण नेमकी दुसऱ्या मेटाटार्सलच्या वर येते. मोडलेले हाड जुळताना त्याच्याभोवती नव्या हाडाचा जो गोळा तयार होतो तो माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने चाचपता येतो, आणि प्रत्येक वेळी गिअर वर टाकताना शिवण त्या गोळ्यावर टेकते. पहिला गिअर खाली आणि उरलेले वर, अशी बहुतेक गाड्यांची रचना असल्यामुळे गाडी चालवणे म्हणजे मुख्यतः दांडी वर उचलत राहणे असते. वर्दळीच्या रस्त्यावर तासाभरात मी किती वेळा गिअर बदलतो हे मी पूर्वी कधी मोजले नव्हते. आता मोजण्याची गरज पडत नाही, पाऊल स्वतःच हिशेब ठेवते. उपाय म्हणून मी मोज्यावर, गोळ्याच्या जागी मधोमध भोक पाडलेला फेल्टचा तुकडा लावतो, म्हणजे दाब गोळ्याच्या आजूबाजूला जातो. उपाय चालतो, पण एवढ्या विचारपूर्वक बनवलेल्या बुटात ही शिवण बोटभर पुढे घेता आली नसती असे नाही.

गिअरच्या दांडीची उंची हा यातला खरा गुंता आहे. बुटाचा पुढचा भाग जाड असल्यामुळे तो दांडीखाली सहज सरकावा म्हणून दांडी थोडी वर घ्यावी लागते. उलट, कित्येक आठवडे एकाच कोनात बांधलेला घोटा आखडलेला असतो, त्यातून पाऊल वर उचलण्याची हालचाल सर्वांत उशिरा परत येते, आणि अशा घोट्याला दांडी जितकी खाली तितकी बरी. बूट एक मागतो आणि घोटा दुसरेच. माझ्या गाडीची दांडी एका सळईने जोडलेली आहे. सळईच्या दोन्ही टोकांचे नट सैल करून ती फिरवली की दांडी वरखाली होते, आणि अशा सळयांच्या एका टोकाचे आटे बहुधा उलटे असतात, हे विसरून जोर लावणारा मी काही पहिला माणूस नसेन. शेवटी बुटाला जेमतेम जागा मिळेल इतकीच दांडी वर घेतली आणि उरलेले काम गुडघ्यावर सोपवले : घोटा न वाकवता सबंध पाय मांडीपासून किंचित उचलायचा. दिसायला ते नवशिक्यासारखे दिसते, पण दुखत नाही. ज्यांच्या गाडीला टाचेने दाबण्याची मागची दांडीही आहे, त्यांचा हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे.

गाडी थांबवताना डावा पाय टेकायचा नाही, उजवा टेकायचा, असे ठरवून मी निघालो होतो. सपाट रस्त्यावर ते जमले. चढावर मात्र उजवा पाय मागच्या ब्रेकवर हवा असतो, कारण उजव्या हाताने एकाच वेळी पुढचा ब्रेक धरून ॲक्सिलरेटर हलकेच फिरवणे हे काम सवयीशिवाय साधत नाही. मग डावाच टेकावा लागतो, आणि रस्ता त्या बाजूला उतरता असला तर पाऊल अपेक्षेपेक्षा खोल जाऊन गाडीचे वजन चवड्यावर येते. इथे बुटाने मला वाचवले हे मान्य करायला हवे. तळवा घसरत नाही, घोट्याभोवतीचा भाग पाय मुरगळू देत नाही, आणि वजन आले तरी ते पावलावर न राहता काही अंशी नडगीभोवतीच्या चामड्यापर्यंत पोहोचते.

सुजेविषयी दुकानदार काही सांगत नाहीत. हाड जुळले तरी पावलाची सूज कित्येक महिने ये-जा करते. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, आणि पाय लोंबकळत ठेवून तासभर बसल्यावर नक्की. म्हणून मी बूट संध्याकाळी, जाड मोजे घालून, आणि डाव्या पावलाच्या मापाने घेतला. त्याचा परिणाम असा की उजव्या बुटात जादा सुखतळा घालावा लागला. डाव्या बुटातला मूळचा मऊ सुखतळा मी काढून टाकला आणि त्याजागी कार्बन फायबरची पातळ, ताठ पट्टी असलेला सुखतळा घातला. बोटांपाशी उरलासुरला वाकही त्याने जवळपास थांबला. चेन लांब असल्यामुळे बूट पूर्ण उघडतो आणि सुजलेले पाऊल न ओढता, न मुरडता आत ठेवता येते. ज्या बुटांत पाय वरून खुपसावा लागतो, ते या काळात हातातही घेऊ नयेत. जलरोधक अस्तराने पावसात काम चोख केले, मात्र उष्णता ते आतच धरून ठेवते, आणि उष्णतेने सूज वाढते.

आता माझ्या चुकीविषयी, कारण ती सांगितल्याशिवाय हे परीक्षण अप्रामाणिक होईल. बूट घातल्यावर दुखत नव्हते, म्हणून मी बाराव्या आठवड्यात गाडी बाहेर काढली. सातव्या आठवड्यातल्या एक्स-रेमध्ये हाड जुळताना दिसले होते. बाकीचे मी बुटाच्या भरवशावर ठरवले. तिसऱ्या फेरीनंतर पाऊल असे सुजले की बूट काढताना चेन शेवटपर्यंत उघडूनही त्रास झाला. फिजिओथेरपिस्टने काही न विचारता मला अनवाणी, केवळ डाव्या पायावर उभे राहून टाच उचलायला सांगितली. एकदाही उचलता आली नाही. पोटरी नुसत्या डोळ्यांनी पाहूनही दुसऱ्या पायापेक्षा बारीक दिसत होती. ताठ तळवा, उंच चामडे आणि कडक वाट्या मिळून जे काम करत होत्या, ते माझे स्नायू करत आहेत असे मी समजत होतो. गाडी पुन्हा पाच आठवडे उभी राहिली. त्या काळात बूट कपाटात होता आणि मी जमिनीवर पसरलेला टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करत होतो, भिंतीला हात टेकून टाचा उचलत होतो, आणि असल्या कंटाळवाण्या व्यायामांनी जी प्रगती झाली ती बुटाने दहा आठवड्यांतही दिली नसती. सलग दहा वेळा टाच उचलता आल्यावरच मी परत गाडीवर बसलो. ही अट फिजिओथेरपिस्टने घातली होती आणि ती माझ्या पावलापुरती होती, इतरांनी आपापल्या डॉक्टरांकडून आपली अट विचारून घ्यावी.

अपघाताला आता नववा महिना संपत आला आहे. दोन तासांचा प्रवास सहज होतो, तिसऱ्या तासाला गोळ्याची जागा ठणकू लागते आणि मी थांबतो. कार्बनची पट्टी गेल्या महिन्यात काढून टाकली, फेल्टचा तुकडा अजून लागतो. ज्यांचे पाऊल प्लास्टरमधून नुकतेच बाहेर आले आहे आणि जे गाडीवर कधी बसता येईल याचे दिवस मोजत आहेत, त्यांनी हा बूट आत्ता घेऊ नये. सूज बरीचशी उतरेपर्यंत पावलाचे खरे मापच कळत नाही, आणि चुकीच्या मापाचा ताठ बूट फार छळतो. ज्यांना अनवाणी चालताना लंगडावे लागत नाही पण फूटरेस्टचा दांडा अजून टोचतो, त्यांच्यासाठी हा बूट उत्तम आहे. घेताना गिअरच्या पट्टीची शिवण आपल्या पावलावर कुठे येते हे मात्र बूट घालून, बोटाने दाबून पाहावे. मला तो पुन्हा घ्यावा लागला तर घेईन, आणि पहिल्याच दिवशी ती शिवण उसवून पट्टी पुढे शिवून देणारा कारागीर शोधीन.