दिल्लीत कुणी "आज बंद है" म्हणालं तर आधी गेटपर्यंत जाऊन बघा

ग्वाल्हेरहून दिल्ली काही फार लांब नाही, म्हणून कुणाला काही न विचारताच निघालो. सासू-सासरे, हे, मी आणि दोन मुलं, एक ११ वर्षांचा, एक १४ ची. डिसेंबरमधला मंगळवार, सकाळी निजामुद्दीनला उतरायचं आणि रात्रीच्या गाडीने परत. बाबांना एकच गोष्ट बघायची होती, लाल किल्ल्यातला दिवाण-ए-खास. ते इतिहासाचे मास्तर होते, गाडीत नातवंडांना सांगत होते की १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी तिथल्या छताची चांदी काढून फौजेचा पगार भागवला, आणि १७७१ मध्ये आपल्या महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि अलाहाबादला जाऊन राहिलेल्या शाह आलमला परत आणून गादीवर बसवलं. मुलं जेवण सोडून ऐकत होती.

स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला लाल किल्ला म्हटलं तर म्हणाला, "आज तो बंद है मैडम, वीआईपी मूवमेंट है." खरं वाटेल असंच बोलला हो, कारण १५ ऑगस्टच्या आधी किल्ला खरंच काही दिवस बंद असतो हे आम्हाला माहीत होतं. मग म्हणे सरकारी टूरिस्ट ऑफिसात विचारून घ्या, आणि कनॉट प्लेसजवळच्या एका गल्लीत नेलं. बाहेर बोर्डवर अशोकस्तंभ, आत भारताचा मोठा नकाशा, टेबलामागचा माणूस इतका आदराने बोलत होता की सासूबाईंना लगेच खुर्ची आणि पाणी. ह्यांनी शंका काढली तर त्याने स्वतःच "किल्ल्याच्या काउंटरला" फोन लावून ह्यांच्या हातात दिला, पलीकडचा पण बंदच म्हणाला. नंबर त्याने लावलेला, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही!

८,५०० रुपयांचं पॅकेज घेतलं, गाडी आणि गाइड, त्यातले ३,००० तिकिटांचे म्हणून. पावती मागितली तर संध्याकाळी देतो. आता तिकिटांचं ऐका, लोटस टेंपल फुकट, राष्ट्रीय युद्ध स्मारक फुकट, कुतुबमिनारला खिडकीवर माणशी ४० रुपये आणि १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, म्हणजे आमचे सगळे मिळून १६० झाले असते. हे मी कुतुबच्या बोर्डावर वाचलं आणि तिथेच पोटात गोळा आला, पण तोवर पैसे गेले होते.

दुपारी "सरकारी एम्पोरियम" म्हणून दोन दुकानांत नेलं, तिथे दोन तास गेले आणि सासूबाईंनी ६,००० ची पश्मीना घेतली. घरी आल्यावर ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराने हातात घेऊनच सांगितलं की यात लोकर नावालाच आहे. राज्यांची खरी एम्पोरियम बाबा खडकसिंह मार्गावर ओळीने आहेत, तिथे कुणाला बरोबर न घेता स्वतः जा. राष्ट्रीय संग्रहालयाला पोचलो तर आत सोडणं बंद झालेलं. मोहेंजोदडोची नर्तिका जेमतेम १०.५ सेंटिमीटरची आहे, ती बघायला लेक पाठ्यपुस्तकातलं चित्र फोनमध्ये घेऊन आली होती. रडली नाही, पण गाडीत बसल्यावर कुणाशी बोलली नाही.

परतीच्या गाडीत समोरच्या कुटुंबाने त्याच दिवशी सकाळी काढलेले लाल किल्ल्याचे फोटो दाखवले. किल्ला सोमवारी बंद असतो, मंगळवारी उघडाच होता. बाबांनी दिवाण-ए-खासचा फोटो मोठा करून छत बघितलं आणि फोन परत दिला.

म्हणून सांगते, लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा यांची तिकिटं पुरातत्त्व खात्याची ऑनलाइन मिळतात, घरूनच काढा म्हणजे बंद आहे की चालू तेही तिथेच कळतं. वाटेत कुणी ऑफिसात नेतो म्हणालं तर गाडीतून उतरा आणि पर्यटन मंत्रालयाच्या १३६३ वर स्वतःच्या फोनवरून विचारा, हिंदीत बोलतात. आम्ही पैसे यूपीआयने दिले होते आणि ते कुठल्या ऑफिसच्या नाही, एका माणसाच्या नावावर गेलेत, त्याचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार केली आहे. अजून एक रुपया परत आलेला नाही. मार्चमध्ये बाबांना घेऊन परत जातोय, या वेळी सहाही जणांची सोय घरूनच करून.