पाचपैकी दोन तारे, तेही कागदांच्या काउंटरला

परदेशात शिक्षकांना नोकरी लावून देणारी नागपूरची एक कन्सल्टन्सी, तिच्याबद्दल लिहिते आहे. नाव लिहीत नाही. भांडत बसायला वेळ नाही, पुढच्या महिन्यात निघायचं आहे. पण मोर्शी, काटोल, नरखेडकडचे मास्तर आणि मॅडम दर दोन दिवसांनी फोन करून तेच विचारतात, की या कन्सल्टन्सीकडे जावं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मी फिजिक्स शिकवते. लग्नाआधी पाच वर्षं पुण्यात केंब्रिज बोर्डाच्या शाळेत आयजीसीएसईला, म्हणजे त्यांच्या दहावीला, शिकवलं. नंतर सासर, वरूड तालुका, आणि गेली नऊ वर्षं इथली सीबीएसई शाळा. घरी नवरा, त्याची साडेतीन एकर संत्र्याची बाग, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. गेली काही वर्षं बागेत आंबिया बहाराची गळ अशी होते की झाडाखाली सडा पडतो आणि झाडावर मोजून फळं उरतात. व्यापारी बगीचा बघायला येतो, कुंपणावरूनच नजर टाकतो आणि जो भाव बोलतो तो ऐकून घरात दोन दिवस कोणी बोलत नाही. त्या दोन दिवसांतल्याच एका रात्री मी म्हटलं, बाहेर बघू का?

मार्चमध्ये नागपूरला गेलो. एसटीनं अडीच-तीन तास, मग सीताबर्डीवर उतरून चौकशी करत करत दुसरा माळा. काचेचं दार, बुर्ज खलिफाचा फोटो, टेबलावर फिरणारा पृथ्वीचा गोल, आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेलं एक सरकारी दिसणारं प्रमाणपत्र. टाय लावलेला पोरगा समोर. रजिस्ट्रेशन पंधरा हजार, ऑफर आली की वीस, व्हिसा लागला की तीस. एकूण पासष्ट हजार, म्हणजे 'फाइल चार्ज'. मी पंधरा हजार भरले. इथं मी चुकले, ते पुढे येतंच आहे.

तीन आठवड्यांत ऑफर आली, हे मान्य करते. आखातातली, भारतीय अभ्यासक्रमाची शाळा. रुपयांत केलेला पगार बघून डोळे फिरले. मग दुसऱ्या पानावर 'सिंगल स्टेटस' असं लिहिलेलं दिसलं.

"सिंगल स्टेटस म्हणजे?"

"म्हणजे मॅडम, तुम्ही एकट्या. रूम शेअरिंगमध्ये."

"माझं लग्न झालंय. दोन मुलं आहेत."

"हो, पण कागदावर एकट्या. फॅमिलीचं तिकडे गेल्यावर बघू. आणि इंटरव्ह्यूत मुलांचं काढू नका, इम्प्रेशन खराब होतं."

परतीच्या एसटीत नवरा काटोलपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "कागदावर एकटी, अन् घरी आम्ही तिघं. मंग पोळ्या बी कागदावरच करजो."

तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे ते असं, की हा सल्ला उलटा आहे. चांगली आंतरराष्ट्रीय शाळा पहिल्याच फॉर्मवर विचारते: सोबत कोण येणार, मुलं किती, कोणत्या वयाची. कारण घर किती खोल्यांचं द्यायचं, विमानाची तिकिटं किती, विमा किती जणांचा आणि शाळेत जागा किती अडतील, हा सगळा त्यांचा खर्च असतो. नवरा-बायको दोघंही शिक्षक असले तर शाळांना आवडतं, एका घरात दोन पदं भरली जातात. एकटा माणूस स्वस्तात पडतो. आमच्यासारखा एक कमावणारा आणि तीन सोबतचे, हा सगळ्यात महाग प्रकार. एका शाळेनं मला सरळ कळवलं की तुमचा विषय हवा आहे, पण दोन मुलांच्या जागा आमच्या बजेटात बसत नाहीत. वाईट वाटलं, पण दोन ओळींत विषय संपला. लपवून गेले असते तर तिकडे जाऊन कळलं असतं. अशा शाळांची एका मुलाची वर्षाची फी वीस हजार डॉलरच्या वर जाऊ शकते. फी माफ नसेल तर आईनं वर्षभर राबायचं आणि पोरांच्या फीत सगळं घालायचं.

आता भिंतीवरची फ्रेम. ऑफर नाकारून पैसे परत मागायला गेले तेव्हा ती जवळ जाऊन वाचली. ते गुमास्ता लायसन्स होतं. दुकान उघडायचं लायसन्स! भारतातून माणसं परदेशी नोकरीला पाठवायची तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली एजंटाची नोंदणी लागते आणि ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून घरबसल्या तपासता येते. मी तिथेच खुर्चीवर बसून मोबाइलवर तपासली. नाव नाही. नोंदणी असलेल्या एजंटालासुद्धा उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. इथे पासष्ट हजार. पोराला दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, आम्ही एजंट नाही, कन्सल्टंट आहोत." पंधरा हजार गेले ते गेलेच. आधी पाच मिनिटं मोबाइल उघडला असता तर वाचले असते. मुलांना पेपर नीट वाचा म्हणून नऊ वर्षं ओरडणारी बाई मी.

आणखी एक चुकीची गोष्ट त्यानं ठासून सांगितली होती: सीझन एप्रिल-मे. आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यांच्यापुरतं ते ठीक असेल. आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष बहुतेक ठिकाणी ऑगस्टचं आणि त्यांची भरती आदल्या दिवाळीच्या आसपासच सुरू होते. आहेत ते शिक्षक पुढच्या वर्षी थांबणार की जाणार हे शाळा तेव्हाच विचारून घेतात, आणि जागा निघाल्या की लगेच जाहिराती येतात. मार्च-एप्रिलमध्ये उरतात त्या उशिरा सोडून गेलेल्यांच्या जागा.

म्हणून मी ऑक्टोबरपर्यंत थांबले आणि शाळांच्या वेबसाइटवर थेट अर्ज केले. एक पैसा लागला नाही. शिक्षकांकडून काही न घेणाऱ्या साइटही आहेत, फी शाळा भरते. अर्जात सगळ्यात वर लिहिलं: केंब्रिज फिजिक्स ०६२५ (हा त्या आयजीसीएसई विषयाचा कोड), पाच वर्षं. पुण्यातली ती पाच वर्षं मी विसरून गेले होते, तीच कामाला आली. आणि दुसरी ओळ: नवरा, मुलं दोन, वय १३ आणि ९.

एक अडचण कोणीच सांगितली नव्हती. शाळांना शिफारसपत्र नको असतं. त्यांना तुमच्या मुख्याध्यापकांनी गुपचूप भरून पाठवायचा फॉर्म हवा असतो, तोही शाळेच्या अधिकृत ईमेलवरून. आमच्या शाळेचा ईमेल फुकटातल्या जीमेलचा, आणि पासवर्ड ज्या क्लार्कला माहीत तो आठवडाभर भाच्याच्या लग्नात. दोन शाळांनी तो पत्ता बघून फॉर्म परत पाठवला, मुलांच्या सुरक्षिततेची तपासणी ते फार कडक करतात. शेवटी संस्थेनं डोमेन घेतलं. आमच्या गावच्या शाळेला स्वतःचा ईमेल मिळाला तो माझ्या व्हिएतनामच्या नादापायी!

होय, व्हिएतनाम. हो ची मिन्ह सिटी. जानेवारीत इंटरव्ह्यू, त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेआठ. लाइन जाणार हे गृहीत धरून इन्व्हर्टर, दोन मोबाइलचे हॉटस्पॉट अशी तयारी. लाइन गेली नाही. बरोबर मधोमध सासूबाईंची शेळी मात्र ओरडली. समोरच्या बाईंनी विचारलं, ही शेळी का? त्यांच्याकडेही लहानपणी होत्या म्हणे.

तिसऱ्या फेरीत त्यांनी नवऱ्यालाच बोलावलं. मी टरकले. त्यांनी विचारलं, तुम्हाला तिथे कामाचा परवाना नसेल, सोबत आलेल्याचा व्हिसा असेल, दिवसभर काय कराल? हा आपल्या इंग्रजीत म्हणाला, पोरांना शाळेत नेईन-आणीन, स्वयंपाक शिकेन, आणि तिकडची संत्री कशी लावतात ते बघेन. मग मला मराठीत, "हे नौकरी तुले देऊन राहिले का मले?" कन्सल्टन्सीनं हा प्रश्न एकदाही विचारला नाही. बाग कोण बघणार, आई कोणाकडे राहणार, कमावता माणूस रिकामा बसला तर घरात काय होतं, हे ज्याच्या डोक्यात येत नाही त्यानं संसार असलेल्या माणसाची फाइल घेऊ नये. नोकरी पक्की झाली. बाग चुलतदिराला ठोक्यानं दिली. सासूबाई नणंदेकडे, पण शेळीसकट, ही त्यांची अट.

आता ते दोन तारे.

कागदांसाठी मी परत त्याच माळ्यावर गेले. तिथे डाव्या बाजूला एक वेगळा काउंटर आहे, पन्नाशीच्या ताई बसतात. टायवाल्यानं मला दारातच गाठलं, "मॅडम, अपोस्टील मारून देतो, कागद खरा असल्याचं सरकारी स्टिकर, जगभर चालतं." ताईंनी त्याच्याकडे न बघता माझी फाइल ओढून घेतली. म्हणाल्या, भारत २००५ पासून अपोस्टीलच्या करारात आहे, पण समोरचा देशही त्यात पाहिजे ना. व्हिएतनाम तेव्हा त्यात नव्हता (आता निघणाऱ्यानं आधी तपासून घ्यावं). राज्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग वकिलातीचा शिक्का, नंतर तिकडे व्हिएतनामीत भाषांतर. नाहीतर उगाच स्टिकर लावाल. त्या स्टिकरची सरकारी फी पन्नास रुपये आहे, हेही त्यांनीच सांगितलं, त्याच्यासमोर.

मग त्यांनी एकेक कागद उजेडाकडे धरून बघितला. डिग्री आणि बीएड माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या. नाव बदलल्याचं राजपत्र आहे का? नाही. पदवीचं मूळ प्रमाणपत्र? मी कधी आणलंच नव्हतं, गुणपत्रिकांवर वीस वर्षं निभावली. मुलाच्या जन्मदाखल्यावर आमच्या आडनावात एक अक्षर जास्त. आणि लग्नाचं प्रमाणपत्र? त्यावर मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे बघितलं. पंधरा वर्षं झाली, नोंदणी केलेलीच नाही. आमच्याकडे कोण करतं? ताई म्हणाल्या, "लग्न गावात लागलं ना? मग ग्रामसेवक हाच निबंधक. पत्रिका शोधा, साक्षीदार गोळा करा, भटजींची सही आणा."

पत्रिका सापडली सासऱ्यांच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या खाली, हळदीचा डाग अजून पिवळा. भटजी आता ऐंशीच्या पुढे, मोर्शीला मुलाकडे असतात. चष्मा लावून त्यांनी पत्रिकेवरचा मुहूर्त वाचला, पेन हातात घेतलं आणि थांबले. "पण लग्न पाऊण तास उशिरा लागलं होतं. नवरदेव नाचून राहिला होता." नवऱ्यानं मान खाली घातली. मग सही झाली. मुलीला ही गोष्ट फार आवडली, येईल त्याला सांगते.

ताईंनी प्रत्येक कागदाची वेगळी पावती दिली, सरकारी फी किती आणि त्यांची मजुरी किती हे दोन रकान्यांत. सगळे शिक्के मिळून साडेतीन महिने लागले, त्यातले दोन आमच्याच कागदांच्या दुरुस्तीत गेले. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला, मात्र त्यांनी मुद्दाम शेवटी काढायला लावला, कारण तो जुना झाला की परत काढावा लागतो. हे ज्ञान कोणत्याही टायला नव्हतं.

करार वाचताना मी तीन गोष्टी विचारल्या. फोन करणाऱ्यांनी लिहून घ्या. पगाराचा आकडा हातात येणारा की कर कापायच्या आधीचा? (तिकडे रहिवाशाला पाच ते पस्तीस टक्के कर आहे, आखातातल्यासारखं नाही.) मुलांची फी पूर्ण माफ की थोडी, आणि बस, जेवण, परीक्षेची फी त्यात येते का? आणि मी मध्येच आजारी पडले तर चौघांच्या परतीच्या तिकिटांचं काय? तिन्हींची उत्तरं लेखी आली.

एक गोष्ट मात्र कोणा कन्सल्टन्सीच्या तोंडून ऐकली नाही, आमच्या शाळेतल्या बायोलॉजीच्या सरांनी सांगितली. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर महाराष्ट्राच्या कोट्यातून मेडिकलला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पाहिजेत. ती दहावी तिकडे करणार. दोन वर्षांचा करार आणि दोन वर्षांचा आयजीसीएसई अगदी जुळतात, अकरावीला परत येता येईल, पण तो कोटा गेला. दोन रात्री आम्ही तिच्याशी बोललो. तिला बेडूक बघूनही किळस येते आणि तिला इमारती काढायच्या आहेत, म्हणून निघालो. दुसऱ्या घरात याच एका ओळीवर बेत रद्द होईल, आणि व्हायलाही हवा.

बाकी बॅगांचं चालू आहे. संत्री मोजायच्या काट्यावर बॅगा मोजतोय. तेवीस किलोच्या एका बॅगेत सासूबाईंनी चार किलो तुरीची डाळ घातली होती, ती रोज काढते आणि रोज परत आत सापडते. तिकडे शाकाहाराला 'चाय' म्हणतात, हे मुलानं शोधून काढलंय. हॉटेलात चहा मागितला तर काय येईल यावर घरात पैज लागली आहे.

परवा संध्याकाळी टायवाल्याचा फोन आला. "मॅडम, अर्जंट व्हेकन्सी आहे, कुवेत, फिजिक्सच. सिंगल स्टेटस." मी डाळ काढत होते, फोन नवऱ्याकडे दिला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाऊ, आमचे चार तिकिटं निंघाले. पण तू टाय काढून त्या बाईजवळ बसत जाय थोडा."