कान ‘वाढवून देणारा’ साचा

आमच्या मुलीचा उजवा कान जन्मतःच शेंगदाण्याएवढा, आणि भोक नाहीच. याला मायक्रोशिया म्हणतात. भोक बंद असणं म्हणजे अ‍ॅट्रेशिया. ती चार महिन्यांची असताना एका क्लिनिकने सिलिकॉनचा साचा आणि मालिशचं तेल गळ्यात मारलं. ‘कूर्चा (कानाला आकार देणारा, हाडासारखा पण लवचिक भाग) अजून मऊ आहे, साच्यात कान भरत जाईल, ऑपरेशन लागणार नाही.’ पैसे सगळे आगाऊ.

साच्याचा उपचार खरा आहे, म्हणून तर ही थाप पचते. कान पूर्ण असेल पण दुमडलेला किंवा वाकलेला असेल, तर साच्याने आकार सुधारतो. तेही जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच, कारण आईकडून आलेल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे तेव्हाच कूर्चा मऊ असते. मायक्रोशियात कूर्चा आणि कातडीच अपुरी असते. जे नाहीच त्याला साचा काय आकार देणार? क्लिनिकने पाठवलेले ‘आधी-नंतर’चे फोटो पुढे एका प्लास्टिक सर्जनना दाखवले. सगळे नवजात बाळांच्या दुमडलेल्या कानांचे. मायक्रोशियाचा एकही नाही!

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर मिळालं, ‘मालिश नीट झाली नाही.’

पण मला खरी चीड आहे ती वाया गेलेल्या वेळेची. ‘डावा कान चांगला आहे, श्रवणचाचणी कशाला?’ असं त्यांनी ठासून सांगितलं होतं. खरं तर अशा बाळाच्या दोन्ही कानांची चाचणी लगेच व्हावी लागते: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय. आम्ही बेरा चाचणी (आवाजाला मेंदूपर्यंतच्या नसा कसा प्रतिसाद देतात हे मोजणारी श्रवणचाचणी) उशिरा केली, तर ‘चांगल्या’ कानातही पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. म्हणजे बोलणं शिकायच्या वयात लेकरू दोन्ही कानांनी कमी ऐकत होतं.

मायक्रोशियात आतला कान बहुतेकदा शाबूत असतो. म्हणून कपड्याच्या पट्ट्याने डोक्याला बांधायचं, हाडातून आवाज पोचवणारं यंत्र तान्ह्या बाळालाही लावता येतं. ते लावलं त्या दिवशी मुलगी माझ्या आवाजाकडे वळली. बरगडीच्या कूर्चेपासून कान घडवण्याची शस्त्रक्रिया साधारण सहा ते दहा वर्षांच्या वयात होते; त्याची घाई नसते.

कुणी साचा सुचवला तर मायक्रोशियाच्याच बाळाचे फोटो मागा. आणि श्रवणचाचणीचा रिपोर्ट न मागता कुणी उपचार सुरू करत असेल, तर बाळाला उचला आणि तिथून निघा.