झेड-८० चा जुना बोर्ड बंद पडलाय: दुरुस्ती, सेकंडहँड की रिट्रोफिट?

१९८०च्या दशकातलं मशीन, आत झेड-८० या जुन्या प्रोसेसरवर चालणारा कंट्रोल बोर्ड, आणि एके दिवशी सप्लाय दिला तरी स्क्रीन काळीच. भोसरीची एमआयडीसी असो की शिरोलीची, मालकाला सल्ले तीनच मिळतात. मेंटेनन्सवाला म्हणतो दुरुस्त करू, व्यापारी म्हणतो दुसरा बोर्ड मागवून देतो, जुना कंट्रोल काढून नवा बसवणारा रिट्रोफिटवाला म्हणतो हे सगळं भंगारात काढा. चर्चा होते ती बोर्डाच्या किमतीची. घोडं अडतं ते मात्र ईप्रॉममधल्या (प्रोग्राम साठवणाऱ्या चिपमधल्या) प्रोग्रामवर आणि रॅममध्ये बॅटरीवर तग धरून असलेल्या पॅरामीटरवर, म्हणजे मशीनच्या सेटिंगवर.

म्हणून कुणालाही होकार देण्याआधी ईप्रॉम वाचून फाइल ठेवा. चिपच्या काचेच्या खिडकीवरचा स्टिकर काढू नका, अतिनील प्रकाशाने आतला डेटा पुसला जातो. एकच चिप दोनदा वाचा. चेकसम (वाचलेल्या डेटाची बेरीज) वेगळा आला, तर आतला विद्युतभार गळायला लागलाय असं समजा आणि सप्लाय किंचित कमी-जास्त करून पुन्हा वाचा. बॅटरी कॅबिनेटमध्ये असेल, तर बोर्ड बाहेर ओढताच रॅम कोरी होते. तेव्हा पॅरामीटरची यादी आधी शोधा, बहुतेक ती दाराच्या आत चिकटवलेली किंवा मॅन्युअलच्या मागे खोचलेली असते.

दुरुस्ती हा माझा पहिला कौल, पण एका अटीवर: चिपा बाजारातल्या हव्यात. ७४एलएस मालिकेच्या लॉजिक चिपा, ८२५५ ही इनपुट-आउटपुटची चिप, ६२६४ रॅम हे सगळं अजून मिळतं. झेड-८० बनवणाऱ्या झिलॉगने २०२४मध्ये ४० पायांच्या झेड-८० च्या ऑर्डर घेणं बंद केलं, तरी जुना साठा भरपूर आहे. फक्त रंग मारून नवा नंबर छापलेला माल गळ्यात पडणार नाही हे बघा. याउलट बोर्डावर कंपनीची खास चिप किंवा वाचायला बंदी केलेला पाल (पीएएल, आत लॉजिक भरलेली चिप) असेल आणि तोच गेला असेल, तर दुरुस्तीचा रस्ता तिथेच खुंटतो.

चांगला कारागीर आधी चिपा उपटत नाही. तो ५ व्होल्ट मोजतो, तेही सप्लायच्या टर्मिनलवर नाही, थेट प्रोसेसरच्या ११ आणि २९ नंबरच्या पायांवर. टर्मिनलला ५.०५ आणि चिपवर ४.६ दिसले, तर दोष काळवंडलेल्या कनेक्टरचा. मल्टिमीटर बरोबर ५ दाखवतो आणि सीआरओवर (ऑसिलोस्कोपवर) मात्र १०० हर्ट्झचे दात दिसतात, तेव्हा साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायमधला मोठा कपॅसिटर सुकलेला असतो. मग ६ नंबरवर क्लॉक, २६ वर रिसेट. तरी काही कळेना, तर प्रोसेसर डेटा बसपासून तोडून त्याच्या डेटा पायांवर सगळी शून्यं, म्हणजे ‘काही करू नको’ हा आदेश, द्यायची. झेड-८० नुसता पुढे पुढे मोजत जातो आणि ए० पासून प्रत्येक अ‍ॅड्रेस लाइनवर आधीच्या निम्मी फ्रिक्वेन्सी दिसते. हा क्रम पायांवर नीट दिसतोय आणि बफरच्या (प्रोसेसर आणि बाकी बोर्डामधल्या चिपच्या) पलीकडे एखादी लाइन अडकलीय, म्हणजे बफर किंवा त्यापुढचं काहीतरी गेलंय. एवढं करणारा माणूस मिळाला तर बोर्ड त्याच्याकडे द्या. ‘सगळ्या आयसी बदलून बघतो’ म्हणणाऱ्याकडे देऊ नका. बोर्डावरचे जुने तांब्याचे ट्रॅक दुसऱ्यांदा डिसोल्डर करताना उखडतात आणि एक दोष होता तिथे चार होतात.

निकेल-कॅडमियम बॅटरी गळून हिरवट थर चढला असेल, तर काम वाढतं. व्हिनेगरने क्षार मारायचा, धुवायचं, वाळवायचं आणि खाल्लेले ट्रॅक तारेने जोडायचे. प्रोसेसरखालचेच ट्रॅक गेले असतील, तर मी बदली बोर्डाकडे वळेन.

सेकंडहँड बोर्डाचं आकर्षण म्हणजे वेळ. आला, बसवला, मशीन चालू. पण त्यावरची ईप्रॉम दुसऱ्याच मशीनची असते, जंपर (सेटिंगच्या जोडण्या) वेगळे असतात आणि कपॅसिटर तुमच्या बोर्डाइतकेच म्हातारे. आपल्या ईप्रॉम त्यात घालायच्या तर बोर्डाची आवृत्ती जुळायला हवी. सप्लाय न तपासता तो बसवणं म्हणजे दुसरा बोर्ड जाळण्याची तयारी. परत घेण्याची अट लेखी नसेल तर पैसे देऊ नका.

रिट्रोफिटचं गणित बोर्डाशी नसून लोखंडाशी आहे. बॉल स्क्रू आणि स्लाइड झिजून ढिले झाले नसतील, मशीन अजून बरीच वर्षं वापरायचं असेल आणि ईप्रॉमची फाइल कुठेच हाती लागत नसेल, तर तोच मार्ग. खर्च नव्या कंट्रोलपुरता थांबत नाही. लॅडर (मशीनच्या हालचालींचा क्रम ठरवणारा प्रोग्राम) नव्याने लिहायचा, ११० व्होल्ट एसीवरचे जुने सोलेनॉइड रिलेने जोडायचे, एन्कोडर (जागा मोजणारे सेन्सर) आणि मोटरचे ड्राइव्ह नव्या कंट्रोलशी जुळवायचे, ऑपरेटरला शिकवायचं. तेवढे दिवस शिफ्ट रिकामी. कोटेशनमध्ये ही कामं वेगवेगळ्या ओळींत मागा. ‘इन्स्टॉलेशन’ या एका ओळीखाली ती गुंडाळलेली असली, तर पुढे वाद ठरलेला.